नऊ, धरम, अकरा

मोतीलालजींनी देवाला दहावा हिस्सा द्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांनाच आनंद झाला, कारण जाणार ते दुसऱ्याचं अशी प्रत्येकाची खात्री होती.

सप्ताह आटोपून महाराज पुढच्या गावाला गेले, मंडपवाला कनाती सोडून घेऊन गेला, उरलेल्या बुंदीचे पुडेसुद्धा वाटून झाले. पण मोतीलालजींच्या डोक्यातून दशांश काही जाईना. एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. मिळवलं त्याचा दहावा हिस्सा देवाच्या कामी लावावा असं पोथीत सांगितलेलं, आणि पैसा तर पोरांनी कधीच आपापल्या धंद्यात घातलेला. राहिले होते दहा गाळे. देवळीच्या बसस्टँडसमोर कोपऱ्यावर एक नंबर, तिथून गल्लीत आत शिरत शिरत नाल्याच्या काठावर दहा नंबर. त्यातला एक दिला की झालं. एवढं सोपं गणित देवानंच घालून दिल्यासारखं वाटत होतं.

आणि दहावा कोणता हे या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

धान्याची अडत होती तेव्हापासूनची ती रीत. काट्यावर पोती चढायची आणि कवडू मापारी खणखणीत आवाजात मोजायचा, "सात, आठ, नऊ, धरम, अकरा, बारा." दहा हा आकडा अडतीत कुणी उच्चारायचा नाही. दहावं पोतं देवाचं. ते बाजूला पडायचं आणि संध्याकाळी राममंदिरात जायचं. घरातली पोरंही तसंच मोजायला शिकली. थोरला मुलगा गजेंद्र, त्याच्या गुंजननं बालवाडीत तसं मोजून दाखवलं तेव्हा बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र पोरांना कुणी शिकवली नाही, ती त्यांनी पाहून शिकली. भिजलेलं, भुंगे लागलेलं, उंदरांनी कुरतडलेलं पोतं, कसं कोण जाणे, बरोबर दहाव्या खेपेलाच काट्यावर चढायचं. रामानं चाळीस वर्षं ओली तूर खाल्ली आणि चकार शब्द काढला नाही.

गाळ्यांचंही तसंच झालं होतं. नाल्याकाठचा दहावा कुणालाच नको होता. अकरा वर्षांपूर्वी लेक ज्योत्स्ना रोहण्याचं सासर सोडून एका पेटीसह परत आली, तेव्हा तो तिच्या पदरात पडला. तिनं तिथं मिरची कांडपाचं मशीन टाकलं. मग दुसरं. मग हळदीसाठी तिसरं. आता उन्हाळ्यात पार वर्ध्याहून बायका मिरच्यांची पोती घेऊन यायच्या आणि नाल्याच्या वासाला नाकं न मुरडता रांगेत बसायच्या. मिरचीपुढं नाल्याचं काही चालत नव्हतं.

त्या गाळ्याचाच आज साडेदहाच्या मुहूर्तावर संकल्प होता.

*

सव्वादहाला गजेंद्र बहिणीच्या गाळ्यात शिरला आणि तीनदा शिंकला. तो या घरातला थोरला, कोपऱ्यावरच्या एक नंबरात त्याची मोटरपंप आणि पाइपची एजन्सी. मंदिर ट्रस्टचा सेक्रेटरीही तोच. गाळा ट्रस्टकडे आला की ट्रस्ट तो भाड्यानं देणार, आणि भाडेकरू म्हणून सेक्रेटरीच्या डोळ्यापुढं एक अत्यंत सज्जन मनुष्य होता, तो स्वतः. पाइप ठेवायला गोदाम हवंच होतं. यात वाईट असं त्याला काही दिसत नव्हतं. देवाचंही भलं, पाइपांचंही भलं.

"मशीन बंद कर ना वं. मुहूर्त निघून जाईन."

"पाच किलो मिरची आत हाय दादा. आर्धी कुटलेली ठेवू का?" ज्योत्स्नानं डोक्याचा रुमाल सोडलासुद्धा नाही. "माह्यं दुकान तुमी देवाले देऊन राह्यले, अन् मीच टाळ्या वाजवाले येऊ?"

"तुह्यं कसं? बाबूजीच्या नावानं हाय."

"अकरा वर्षं झाली मले इथं."

"राह्यली ना मंग अकरा वर्षं? कोणं भाडं मांगतलं का? धरमाचंच तं देल्लतं तुले."

हे वाक्य ज्योत्स्नाला नवं नव्हतं. दिवाळीला ऐकलं होतं, धाकट्या भावाच्या, हेमराजच्या लग्नात ऐकलं होतं, एकदा तर उधारीवर मिरची नेणाऱ्या बाईनं ऐकवलं होतं. तरी दर वेळी ते नव्यानंच लागायचं. तिनं मशीनचं बटण दाबलं. ठकठक थांबली आणि गल्ली एकदम मोठी वाटायला लागली.

*

गाळ्यांच्या मागं लांबट अंगण होतं. सगळ्या गाळ्यांची मागची दारं त्यात उघडायची. मधोमध चौरंग मांडलेला. मोतीलालजी सोवळं नेसून पाटावर बसले होते, उजव्या हाताला पत्नी अनुसयाबाई. समोर पंडितजी. धाकटा हेमराज नऊ नंबरच्या दाराला टेकून उभा होता. त्याचं कापडाचं दुकान, धोतरं, टॉवेल आणि कफन. शेजारच्या मिरचीची पूड त्याच्या पांढऱ्या कापडावर बसायची, त्यामुळे हेमराजकडचं कापड नेलं की अंत्ययात्रेत न रडणारे नातेवाईकही डोळे पुसायचे. तरी त्याची तक्रार होतीच. या एका बाबतीत तो गजेंद्रच्या पाठीशी ठाम उभा होता.

निंबाखाली खुर्चीवर कवडू बसला होता, मोजणीसाठी मुद्दाम बोलावलेला. पंच्याहत्तरी गाठलेली, पण आवाज तसाच.

पंडितजींनी घसा साफ केला. "यजमान, आधी दशांशाचं प्रमाण सांगतो. पुराणात म्हटलं आहे, न्यायानं मिळवलेल्या धनाचा दहावा भाग शहाण्या माणसानं ईश्वराच्या प्रीत्यर्थ लावावा."

"न्यायानं मिळवलेल्या?" गुंजननं विचारलं. गजेंद्रची ही पोरगी वर्ध्याला वकिली शिकत होती आणि घरात कुणी विचारलं नसलं तरी सल्ला देत होती. "म्हणजे बाकीचं आधी वजा करायचं का? मंग तं बाप्पा एखादा शटरच हाती लागीन देवाच्या."

"गुंजे!" गजेंद्र ओरडला.

मोतीलालजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ऐकायचं नसलं की त्यांचे दोन्ही कान सोयीनं बंद व्हायचे. "कवडू," ते वळून म्हणाले, "तुमच्यात हाय का बे असं काही? दशांश?"

"हाय ना सेठजी. आमच्यात विसावा हिस्सा हाय. छपन साली बाबासाहेबांनंच सांगतलं, कमाईतला विसावा धम्माच्या कामाले द्याचा म्हणून. माहा बाप देत होता, मीबी देतो. विहारात पोट्ट्यायची अभ्यासिका हाय, तिथं."

"विसावा?" मोतीलालजी खूश झाले. "म्हणजे आमच्या आर्धाच झाला!"

"आर्धाच हाय सेठजी," कवडू म्हणाला. "पण ओला नाई."

अंगणात कुणी हसलं नाही, पण हेमराजला अचानक बुटाची लेस बांधायची आठवण झाली. मोतीलालजी चौरंगावरच्या सुपारीकडं बघत राहिले. कवडूला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. चाळीस वर्षं काट्यापाशी उभं राहून जे बोलला नव्हता, ते आज खुर्चीवर बसून बोलून गेला होता. बरं वाटलं त्याला.

"मुहूर्त," पंडितजी म्हणाले.

मोतीलालजींच्या उजव्या तळव्यावर तुळशीचं पान आलं, अक्षता आल्या, पळीभर पाणी आलं. मंत्र सुरू झाला. देश, काळ, गोत्र, नाव सगळं म्हणून झालं आणि पंडितजी थांबले.

"आता यजमानीणबाई, यांच्या हाताला हात लावा."

अनुसयाबाईंचा हात पदराखाली होता. तो तिथंच राहिला.

*

बासष्ट वर्षं हा हात लागत आला होता. वास्तुशांतीला, सत्यनारायणाला, पोरांच्या लग्नांत, नवऱ्याच्या प्रत्येक संकल्पाला. काय दिलं, कुणाला दिलं हे अनुसयाबाईंनी कधी विचारलं नव्हतं. हात लावायचा म्हणून लावायचा, जेवताना वाढायचं तसं. आज तो उचलावासा वाटेना, आणि का वाटेना हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी याच अंगणात आपण गप्प राहिलो याची त्यांना लाज वाटत होती.

"अनुसया, हात," मोतीलालजी पुटपुटले. पाणी बोटांच्या फटीतून गळत होतं.

"नाई लावत मी."

"काऊन?"

"तो गाळा तुमचा नाई. जे आपलं नाई थे कसं देता?"

गजेंद्र पुढं आला. "आई, रजिस्ट्री, टॅक्स पावती, समदं बाबूजीच्या नावानं हाय."

"तू थांब. मी पंडितजीले इच्यारून राह्यली." अनुसयाबाईंनी पदर सावरला. "पंडितजी, दान पुरं व्हाले काय काय लागते?"

"यजमानाच्या हातावर पाणी, पत्नीचा सहभाग, तोंडानं उच्चार. साक्षीदार असला तर उत्तम."

"मंग आयका. ज्योत्स्ना रोहण्याहून आलती त्या दिवशी. हे इथंच जेवले, त्या निंबाखाली. जेवण झालं अन् मी तांब्या घेऊन यायच्या हातावर पाणी टाकून राह्यली होती. एका हातानं तांब्या, दुसऱ्या हातानं यायचा हात धरला होता, तेव्हा यायचं बोट दुखत होतं. पोट्टी तिथं पेटीवर बसली होती. यायनं कवडूले हाक मारली. म्हणे, कवडू, गाळे मोज."

सगळ्यांच्या माना कवडूकडं वळल्या.

"मोजले होते," कवडू म्हणाला. "एक नंबरापासून. सेठजी म्हणले म्हणून मोजले. नऊपर्यंत आलो अन् धरम म्हणलो. सेठजी म्हणले, बस, हा धरम पोरीले देल्ला."

"हातावर पाणी होतं," अनुसयाबाई म्हणाल्या. "माहा हात होता. तोंडानं बोलले. साक्षीले कवडू. आता सांगा पंडितजी, दान झालं का नाई?"

पंडितजींच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत हात धुण्याचं पाणी संकल्पात धरावं की नाही हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी गजेंद्रकडं पाहिलं, ट्रस्टचा सेक्रेटरी. मग मोतीलालजींकडं पाहिलं, दक्षिणा देणारे.

"बोलून दिलं, हातावर पाणी पडलं... नाही म्हणता येत नाही."

"अन् एकदा देल्लेलं पुन्हा दुसऱ्याले देल्लं तं?"

"आजी, ते मी सांगते," गुंजन म्हणाली. "सप्ताहात पाचव्या दिवशी सांगतलं ना महाराजांनी? तो राजा, एकच गाय चुकून दोन ब्राह्मणांना देल्ली त्यानं. अन् सरडा होऊन पडला विहिरीत."

मोतीलालजींनी पाचव्या दिवशी ती गोष्ट डोळे मिटून, हात जोडून ऐकली होती. सरड्याचं त्यांना लहानपणापासून वावडं होतं. त्यांनी तळव्यावरचं उरलंसुरलं पाणी ताम्हनात सोडून दिलं.

"मंग दहावा राहू द्या," गजेंद्र घाईनं म्हणाला. मुहूर्त संपायला अजून वीस मिनिटं होती आणि गोदाम हातचं जाऊन चालणार नव्हतं. "नऊ गाळे राह्यले. शेवटचा आता नववा. नववा देऊन टाकू."

"काय म्हणला?" हेमराज दारापासून सुटला. "नववा माहा हाय!"

"नाल्यापाशीच तं हाय. तुले मी दुसरं पाहून देतो."

"काल म्हणत होता, हेमराज, आपण दोघं भाऊ एक. मिरचीचा त्रास कायमचा मिटवतो तुहा. अन् आता मलेच मिटवतं का बे?" हेमराजनं झटक्यात अंगण ओलांडलं आणि ज्योत्स्नाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "ताई, मले मिरचीचा काहीच त्रास नाई. उलट सर्दी होत नाई आमाले."

*

ज्योत्स्ना आतापर्यंत तिच्या मागच्या दाराच्या उंबरठ्यावर उभी होती, पापण्यांवर लाल पूड. गाळा वाचला होता. गप्प बसायचं, मान हलवायची, आत जाऊन मशीन सुरू करायचं, एवढंच बाकी होतं. कुटायची राहिलेली मिरची वाट पाहत होती.

पण तो दिवस तिला आईपेक्षा जास्त आठवत होता. पेटीवर बसलेली ती, आणि कवडूकाकांचा तो खणखणीत आवाज. एक. दोन. तीन. नवव्यानंतर काय येणार हे लहानपणापासून पाठ होतं. तरी ते यायच्या आधी तिला वाटलं होतं, आज एकदा तरी दहा म्हणतील.

"मले नको," ती म्हणाली.

"काय नको?" हेमराज घाबरला.

"धरमाचा गाळा नको मले." आवाज चढला, तो तिनं चढू दिला. "आई, तू माह्यासाठी बोलली. पण असा वाचवू नको. ओली तूर देवाले, नाल्याचा गाळा पोरीले, दोघायलेबी एकच शब्द. दादाले एक नंबर देल्ला तेव्हा कोणं धरम म्हणलं का? हेमराजले देल्ला तेव्हा? त्यायचा हिस्सा अन् माहा धरम? बाबूजी, पोरगी म्हणून हिस्सा देता तं द्या. नाई तं देवाले द्या. मी माह्या मशीनी उचलतो, वर्ध्याले नालवाडीत खोली घेतो, काय व्हायचं थे होईन."

बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले. मिरचीचे की कशाचे, हे या घरात कुणीच कधी ठरवू शकलं नव्हतं. तिनं ते पुसले नाहीत.

"कायदा तसाच हाय आजोबा," गुंजन हळूच म्हणाली. "पोरीले सारखा हिस्सा. अन् नुसतं बोलून गाळा होत नाई कोणाचा, कागद लागते."

"तू माही पोरगी का तिची?" गजेंद्रनं विचारलं.

"तुमचीच हाय पप्पा. म्हणूनच तं उद्या मलेबी लागीन."

मोतीलालजी उठायला लागले, मग पुन्हा पाटावर बसले. हा माणूस आयुष्यभर फायद्याकडून मोजत आला होता. पोरगी पेटी घेऊन आली त्या दिवशी त्यांना राग आला होता, जावयाचा, व्याह्यांचा, स्वतःचा. तो कुठं काढावा हे न कळून त्यांनी कवडूला मोजायला लावलं होतं. गंमत म्हणून, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं होतं. गंमतीला कुणी हसलं नव्हतं हेही त्यांना आठवत होतं.

"अनुसया, मी दशांश बोललो हाय," ते थकलेल्या आवाजात म्हणाले. "देवाले बोललेलं माघारी कसं घेऊ? देऊ कोणता?"

"दहावाच द्या. कोण नाई म्हणते?" अनुसयाबाई म्हणाल्या. "पंडितजी, मोजाले सुरुवात कुठून करायची, हे लिहिलं हाय का पोथीत?"

"तसं... सुरुवातीबद्दल काही नाही."

"मंग ज्योत्स्नापासून मोजा."

हे कळायला गजेंद्रला एक क्षण लागला. हेमराजला मात्र लगेच कळलं. नाल्याकडून तो दुसरा होता, एकदम सुरक्षित, आणि एवढा धार्मिक तो याआधी कधीच दिसला नव्हता. "बरोबर हाय! आईचं एकदम बरोबर हाय!"

"बाबूजी, कोपऱ्याचा गाळा हाय थो! बसस्टँडसमोरचा!" गजेंद्र ओरडला. "साऱ्या देवळीत असा गाळा नाई!"

"माहीत हाय मले," मोतीलालजी म्हणाले. तो कोपरा त्यांनी तरुणपणी बायकोच्या पाटल्या विकून घेतला होता. त्यांनी अनुसयाबाईंच्या मनगटाकडं पाहिलं. तिथं अजून काचेच्याच बांगड्या होत्या.

बसस्टँडवर पुलगावची गाडी लागल्याचा पुकारा झाला. निंबाचं एक पान चौरंगावर पडलं, ते पंडितजींनी उचललं.

"ज्योत्स्ना, मंगळवारी रजिस्ट्रीले चालजो माह्यासंग," मोतीलालजी म्हणाले. "कागदावर पोरगी लिहू. दुसरं काही लिहू नाई." मग त्यांनी तळवा पुढं केला. पंडितजींनी त्यावर नवं तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं. "कवडू. नाल्याकडून मोज."

कवडू खुर्चीतून उठला. त्यानं बोट उचलून ज्योत्स्नाच्या दाराकडं केलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"एक."

ज्योत्स्नानं दाराची चौकट धरली.

"दोन. तीन. चार." बोट एकेका दारावरून सरकत होतं. "पाच. सहा. सात." गजेंद्र म्हणाला, "कवडूकाका, थांबा जरा." कवडू थांबला नाही. "आठ. नऊ."

आणि मग तो थांबला, कारण या जागी सेठजींकडं पाहायची त्याला चाळीस वर्षांची सवय होती. मोतीलालजींनी कोपऱ्यावरच्या दाराकडं पाहिलं. तूर देताना पोत्याकडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

"धरम," कवडू म्हणाला.

पुढं केलेल्या त्या हाताखाली काचेच्या बांगड्या वाजल्या. अनुसयाबाईंनी हात लावला होता. मोतीलालजी पंडितजींच्या मागोमाग म्हणाले, माझं नाही, आणि पाणी सोडलं.

"दादा, सेक्रेटरी तूच हाय," हेमराज म्हणाला. "भाडं जरासक कमी लावजो स्वतःले."

मोतीलालजी ओला तळवा तसाच धरून बसले होते, चेहऱ्यावर काहीतरी गमावल्याची खरी कळ. मग त्यांनी मान वर करून, अडतीत दिवसभराची मोजणी संपल्यावर विचारायचे तसं विचारलं,

"कवडू, पोतं कसं हाय?"

कवडूनं कोपऱ्यावरच्या दाराकडं नीट पाहून घेतलं.

"कोरडं हाय, सेठजी."